अधिपति कोण?

तर्कशास्त्राच्या वर्गांत आम्ही विद्यार्थ्यांना एक गोष्ट नेहमीं सांगत असतों. आधारवाक्यें तींच असतील आणि दोन विचारी माणसें त्यांपासून परस्परविरुद्ध अनुमानें काढीत असतील, तर दोघांपैकीं निदान एकाची विचारसरणी कोठें तरी चुकलेली असली पाहिजे. हें वचन मला माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीनें कांहीं महिन्यांपूर्वीं परत ऐकविलें. ती आपल्या पतीसह घरीं आली होती. दुसऱ्या खेपेचे दिवस, सातवा महिना चालू. पहिलें मूल पायाळू होतें म्हणून पोट चिरून काढावें लागलें. आणि त्याच वेळीं तिला कळलें कीं, आपला गर्भाशय इतर स्त्रियांसारखा नाहीं. वरच्या बाजूस मधोमध खोल खांच असून त्याला शिंगांसारखीं दोन टोकें आहेत. आतां दुसरें बाळंतपण नैसर्गिक रीतीनें होऊं द्यावें कीं पुन्हां शस्त्रक्रिया करावी, असा प्रश्न होता. एका डॉक्टरांनीं सांगितलें, "पहिलें सीझर, त्यांत पिशवी अशी, दुसरा विचारच मनांत आणूं नका." दुसऱ्या, तितक्याच अनुभवी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूल डोक्याकडून असेल आणि कळा आपोआप आल्या, तर प्रयत्न करून पाहूं." दोघांच्याही हातांत कागद तेच होते.

"सर, यांत चूक कोणाची?" तिनें विचारलें. आणि थोडें थांबून म्हणाली, "आणि खरें म्हणजे, ठरवायचें कोणीं? घरचे म्हणतात, डॉक्टर सांगतील तें. डॉक्टर म्हणतात, घरच्यांना विचारून या. मला कोणीच विचारीत नाहीं."

मी वैद्य नव्हे, आणि त्या दिवशीं मी तिला नीटसें उत्तरही देऊं शकलों नाहीं. परंतु तिच्या प्रश्नाचा उत्तरार्ध वैद्यकाचा नसून नीतिशास्त्राचा आहे, व तो ज्यांनीं जन्मभर शिकविला त्यांनीं तो टाळणें शोभणारें नाहीं. म्हणून वाचकांसमोर तो मांडीत आहें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. स्त्रीचा गर्भाशय आरंभीं एक नसतोच. आईच्या पोटांत असतांना मुलीच्या शरीरांत दोन नलिका असतात. योहानेस म्युलर या जर्मन शारीरशास्त्रज्ञानें १८३० सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांस त्याचें नांव मिळालें. या नलिका एकमेकींस मिळतात, मधला पडदा विरून जातो आणि एक गर्भाशय तयार होतो. ही जुळणी अर्धवट राहिली तर कोणाचा गर्भाशय द्विशृंगी राहतो, कोणाच्या मधोमध पडदा उरतो, कोणाची एकच नलिका वाढून गर्भाशय एकांगी होतो, तर कोणास अगदीं दोन वेगळे गर्भाशय असतात. शंभर स्त्रियांत सुमारें ५ जणींत असें कांहीं ना कांहीं वैगुण्य असतें. कित्येकींना तें जन्मभर कळतही नाहीं. अशा अडचणीच्या जागेंत मुलाला फिरून डोकें खालीं घेणें कठीण जातें व तें पायाळू राहण्याचा संभव वाढतो. पायाळू माणसाला जमिनीखालचें पाणी आणि गुप्तधन दिसतें असा आपल्याकडे समज आहे. पायाळूच्या आईला काय भोगावें लागतें याची चौकशी मात्र फारशी कोणीं केलेली नाहीं.

आतां पहिल्या डॉक्टरांचें वचन घेऊं. एकदां सीझर झालें कीं पुढें नेहमींच सीझर, हा दंडक न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ एडविन क्रेगिन यांच्या १९१६ सालच्या एका भाषणांतून जगभर पसरला. गंमत अशी कीं, त्या भाषणाचा विषय प्रसूतिविद्येंतील संयम हा होता. पहिली शस्त्रक्रिया उठल्याबसल्या करूं नका, कारण तिचें ओझें पुढच्या प्रत्येक बाळंतपणावर पडतें, हा त्यांचा रोख. त्या वचनाला अपवाद आहेत हेंही त्यांनीं तेथेंच सांगून टाकलें होतें. लोकांनीं इशारा विसरून दंडक तेवढा लक्षांत ठेवला. शिवाय त्या काळीं गर्भाशय वरच्या जाड भागांत उभा चिरीत. तो व्रण पुढच्या कळांत उकलण्याचा संभव शंभरांत ४ ते ९ इतका असतो. पुढें ग्लासगोचे मन्रो कर प्रभृतींच्या खटपटीनें खालच्या पातळ भागांत आडवा छेद घेण्याची रीत रूढ झाली, आणि हा संभव शंभरांत एकाच्याही खालीं, सुमारें २०० स्त्रियांत १ इतका उतरला. गर्भाशय सामान्य असेल, व्रण आडवा असेल, तर अशा प्रयत्न करणाऱ्या शंभर स्त्रियांपैकीं ६० ते ८० जणींचें बाळंतपण नैसर्गिक रीतीनें पार पडतें. मात्र जिचा व्रण उकलतो तिच्यावर ओढवणारें संकट लहान नसतें. मिनिटांच्या आंत शस्त्रक्रिया झाली नाहीं तर मूल दगावतें किंवा त्याच्या मेंदूला कायमची इजा होते, आणि आईला भयंकर रक्तस्राव होऊन कधीं गर्भाशय, कधीं प्राण गमवावा लागतो.

हें झालें सामान्य गर्भाशयाबद्दल. ज्याची घडणच निराळी त्याचें काय? येथें ज्ञान एकदम तुटपुंजें होतें. कॅनडांतील कॅलगरी येथील डॉक्टरांनीं १९९९ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. असें वैगुण्य असलेल्या २५ स्त्रियांनीं पहिल्या सीझरनंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला; त्यांपैकीं २ जणींचा गर्भाशय विदीर्ण झाला, म्हणजे शंभरांत ८. सामान्य गर्भाशयाच्या १,७८८ स्त्रियांत मात्र ११ जणींवरच हा प्रसंग आला. पुढें इस्रायलांतील बीरशेबा येथून २००७ सालीं दुसरा लेख आला. पूर्वीं सीझर झालेल्या ५,५७१ स्त्रियांपैकीं १६५ जणींत असें वैगुण्य होतें. त्यांपैकीं ६२ जणींची प्रसूति नैसर्गिक रीतीनें झाली, आणि त्या गटांत गर्भाशय विदीर्ण झाल्याचें एकही उदाहरण नव्हतें. यश मात्र इतरांपेक्षां कमी होतें. सामान्य गर्भाशयाच्या स्त्रियांत शेंकडा ५०.७, तर यांच्यांत शेंकडा ३७.६.

पहिल्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढें कॅलगरीचा ८ हा आंकडा असावा, आणि दुसऱ्या बाईंच्या डोळ्यांपुढें बीरशेबाचें शून्य. वाचणाराला वाटेल कीं दोहोंपैकीं एक लेख खोटा असला पाहिजे. पण गणित तसें म्हणत नाहीं. २५ पैकीं २ या अनुभवावरून खरा धोका शंभरांत १ पासून २६ पर्यंत कोठेंही असूं शकतो, एवढेंच निश्चयानें म्हणतां येतें. ६० ते ७० जणींत एकही अपघात झाला नाहीं, यावरूनही धोका नाहीं असें ठरत नाहीं. तो शंभरांत ४-५ असला तरी इतक्या थोड्या संख्येंत तो न दिसणें अगदीं शक्य असतें. तेव्हां दोन्ही अनुभव एकाच वेळीं खरे असूं शकतात. आणखी एक बारकावा असा कीं, कॅलगरीच्या त्या दोन्ही स्त्रियांना कळा येण्यासाठीं प्रोस्टाग्लँडिन नांवाचें औषध दिलेलें होतें. अमेरिकेंतील वॉशिंग्टन संस्थानांतील वीस हजारांवर स्त्रियांच्या नोंदी २००१ सालीं तपासल्या गेल्या. त्यांत, पूर्वीं सीझर झालेल्या ज्या स्त्रियांना कळा आपोआप आल्या त्यांच्यांत हजारीं सुमारें ५, आणि ज्यांना हें औषध दिलें त्यांच्यांत हजारीं २४ च्या वर गर्भाशय विदीर्ण झालेले आढळले. म्हणजे दोष किती घडणीचा, किती व्रणाचा आणि किती औषधाचा, हें २५ जणींच्या अनुभवावरून निवडून काढतां येत नाहीं. डॉक्टरीणबाईंनीं "कळा आपोआप आल्या तर" अशी जी अट घातली, तिचें मूळ येथें आहे.

मग वर्गांतलें वचन खोटें ठरलें काय? मला तसें वाटत नाहीं. दोघांचीं उच्चारलेलीं आधारवाक्यें एकच होतीं. परंतु प्रत्येकाच्या मनांत आणखी एक अध्याहृत आधारवाक्य दडलेलें होतें. जेथें ज्ञान अपुरें तेथें दुर्मिळ पण घोर संकटापेक्षां ठरलेली इजा पत्करावी, हें पहिल्याचें. जेथें ज्ञान अपुरें तेथें ठरलेली इजा करण्यापूर्वीं सावधपणें प्रयत्न करून पाहावा, हें दुसरीचें. यांपैकीं एकही विधान वैद्यकाचें नव्हे. कोणत्याही प्रयोगशाळेंत तें सिद्ध होणार नाहीं. तें इष्टानिष्टाचें विधान आहे. दोन तज्ज्ञांचा मतभेद ज्ञानाचा दिसला तरी मुळांत तो पसंतीचा होता, आणि ती पसंती ज्याच्या शरीरावर अमलांत यायची त्याला मात्र कोणीं विचारलें नव्हतें.

यावर असें म्हणतील कीं, शंका असेल तेथें सुरक्षित बाजू घ्यावी हा शहाणपणाचा सर्वमान्य नियम आहे. त्यांत पसंतीचा प्रश्न येतोच कोठें? नियम मलाही मान्य आहे. पण सुरक्षित बाजू कोणती हें त्या नियमांत सांगितलेलें नाहीं. प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर पुढच्या खेपेस वार जुन्या व्रणांत रुतून बसण्याचें भय वाढत जातें. तीस हजार अमेरिकन स्त्रियांच्या २००६ सालच्या पाहणींत तिसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळीं असें हजारीं सुमारें ६ जणींत आढळलें, आणि चौथीच्या वेळीं २१ जणींत. अशी वार सुटत नाहीं, रक्त थांबत नाहीं, आणि पुष्कळदां गर्भाशय काढावा लागतो. तेव्हां जिला हें दुसरें मूल शेवटचें हवें आहे, तिला पुन्हां शस्त्रक्रिया ही सुरक्षित बाजू असूं शकेल. जिला अजून दोन मुलांची आस आहे, तिची सुरक्षित बाजू कदाचित् निराळी. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांचें पहिलें मूल दीड महिना कडेवर घ्यायचें नाहीं, आणि घरांत घेणारें दुसरें कोणी नाहीं, हीही एक गोष्ट आहे. रात्रीं-अपरात्रीं व्रण उकलेल या भीतीनें उरलेले तीन महिने झोंप लागणार नाहीं, ही दुसरी. यांपैकीं एकही गोष्ट कागदांत नसते. ती फक्त एका व्यक्तीला ठाऊक असते.

सुश्रुतसंहितेंत अडलेल्या गर्भाच्या चिकित्सेचें प्रकरण आहे. हें काम अत्यंत कठीण असें सांगून ग्रंथकारानें वैद्याला बजाविलें आहे कीं, अधिपतीची अनुज्ञा घेऊन मगच त्यानें यत्नपूर्वक कामाला हात घालावा. ग्रंथकाराची ही दृष्टि मोठी आहे. जेथें हात चालविल्यास जीव जाईल व न चालविल्यासही जाईल, तेथें वैद्यानें केवळ आपल्या बुद्धीवर निर्णय घेऊं नये, कोणाला तरी विचारावें, हें त्यानें इतक्या पूर्वीं ओळखलें. पण विचारावें कोणाला? अधिपति म्हणजे राजा घ्या कीं घरचा कर्ता घ्या. शय्येवर पडलेली स्त्री त्या शब्दांत बसत नाहीं. शतकें लोटलीं, राजे गेले, तरी माझ्या विद्यार्थिनीचे डॉक्टर तिला "घरच्यांना विचारून या" असेंच सांगतात. अधिपति बदलला, अधिपतीची कल्पना बदलली नाहीं.

कायद्यानें मात्र ती बदलली आहे. एका स्त्रीची तपासणी चालू असतां, ती शुद्धीवर नसतांना, तिच्या आईच्या संमतीनें तिचा गर्भाशय काढण्यांत आला होता. शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय देऊं शकणाऱ्या सज्ञान स्त्रीच्या बाबतींत दुसऱ्या कोणाचीही, आईचीही, संमति पुरेशी नाहीं, असा निवाडा आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं दिला. स्कॉटलंडमधील एका मधुमेही मातेच्या खटल्यांत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं याच्याही पुढें पाऊल टाकलें. मुलाचे खांदे अडकण्याचा शंभरांत ९-१० इतका धोका तिला सांगितलेला नव्हता. कारण सांगितला तर स्त्रिया सीझरच मागतील असें डॉक्टरांस वाटत होतें. त्या स्थितींतील समंजस व्यक्तीला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो सांगणें हें कर्तव्य आहे, असें न्यायालयानें ठरविलें. ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, तेथें लपविलेला धोका नैसर्गिक प्रसूतीचा होता. अन्यत्र कोठें तो शस्त्रक्रियेचा असतो. लपविणारा कोणत्या बाजूचा, याला महत्त्व नाहीं. माहिती गाळून दुसऱ्याचा निर्णय आपणच घेऊन टाकणें, हा दोष दोहोंकडे सारखाच.

तरीही दोन आक्षेप उरतात, व ते हलके नाहींत. पहिला असा कीं, पोटांतल्या मुलाच्या वतीनें कोण बोलणार? आईच्या निर्णयाचें फळ त्यालाही भोगावें लागतें. हें खरें आहे. पण म्हणून निर्णयाचा अधिकार आईकडून काढून घ्यावयाचा, तर मुलाचें हित तिच्यापेक्षां दुसऱ्या कोणाला अधिक प्रिय आहे असें दाखवितां आलें पाहिजे. मुलासाठीं दोन्ही वाटांवर कांटे आहेत. वेळेपूर्वीं ठरवून केलेल्या सीझरनंतर मुलाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव अधिक असतो. कांट्यांची तुलना कोणाला तरी करावीच लागणार. ती करण्यास आईच अपात्र कां, याचें कारण मला कोणीं सांगितलेलें नाहीं.

दुसरा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूचा आहे. जबाबदारी आमची, आणि मर्जी तिची, हा कोणता न्याय? याला उत्तर देतांना मला खाडीवरचा नावाडी आठवतो. पाणी किती चढलें, ओढ किती, होडी किती जुनी, हें त्याला ठाऊक. "अशा पाण्यांत या होडींतून मी नेणार नाहीं" असें म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पण "पलीकडे वाटच नाहीं" असें म्हणण्याचा नाहीं. जेथें रात्रीं भूल देणारा डॉक्टर नाहीं, रक्तपेढी तीस मैलांवर आहे, तेथल्या डॉक्टरानें "हें येथें जमणार नाहीं" असें म्हणणें हा प्रामाणिकपणा होय. तेंच "हें होऊंच शकत नाहीं" असें सांगणें हें असत्य होय. पहिल्या वाक्यानंतर स्त्री मोठ्या रुग्णालयाची वाट विचारूं शकते. दुसऱ्यानंतर तिला विचारण्यासारखें कांहीं उरत नाहीं. आणि या वाक्यांच्या मागें नेहमीं वैद्यकच असतें असेंही नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील खासगी रुग्णालयांत शेंकडा ४७.४ प्रसूति सीझरनें झालेल्या आढळल्या, सरकारी रुग्णालयांत शेंकडा १४.३. तेथें येणाऱ्या स्त्रिया निरनिराळ्या थरांतल्या असतात हें मान्य करूनही, एवढें अंतर केवळ गर्भाशयांच्या घडणीनें पडलें असें कोणी म्हणणार नाहीं.

मात्र याच्या उलट टोकालाही एक अपराध आहे, आणि हल्लीं तो वाढत आहे. "धोका सांगितला, आतां तुमची मर्जी, येथें सही करा," असें म्हणून कागद पुढें सरकविणें याला स्वातंत्र्य देणें म्हणत नाहींत, तें सोडून देणें होय. सल्ला मागणाराला सल्ला मिळालाच पाहिजे. "मी तुमच्या जागीं असतों तर अमुक करतों, आणि त्याचें कारण हें, परंतु जें मला ठाऊक नाहीं तें एवढें आहे," हें डॉक्टराचें खरें वाक्य. यांतील शेवटचा तुकडा सर्वांत कठीण, कारण तो उच्चारतांना तज्ज्ञपणाचें तेज थोडें कमी होतें. पण अज्ञान हें कोणाच्याही मालकीचें नसतें. ज्ञान अधिक असलेल्याला ज्ञानाच्या क्षेत्रांत अधिक अधिकार असेल. जेथें सगळेच अंधारांत आहेत, तेथें पुढें पाऊल टाकण्याचा अधिकार ज्याच्या पायाला ठेंच लागणार त्याचा.

राहतां राहिली समाजाची गोष्ट. बाळंतपण सुखरूप झालें कीं आम्ही म्हणतों, "पाहा, धीर धरला म्हणून निभावलें." विपरीत घडलें कीं तेच आम्ही म्हणतों, "हट्ट केला आणि हातचें घालविलें." निर्णय तोच, माहिती तीच, विचारही तोच, बदललें तें फक्त फळ. लोकमान्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्माची योग्यता केवळ बाह्य परिणामावरून न ठरवितां कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवावी, असें विस्तारानें प्रतिपादिलें आहे. आम्ही त्या ग्रंथाचीं पारायणें करतों आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दाराशीं तें सारें विसरतों. जिनें दोन्ही बाजू ऐकल्या, जें ठाऊक नाहीं तें विचारून घेतलें, आणि आपलें व मुलाचें हित तोलून एक वाट धरली, तिनें आपलें कर्तव्य केलें. पुढें काय होईल हें तिच्या हातीं नव्हतें. डॉक्टराच्याही पूर्णपणें नव्हतें.

त्या मुलीला मीं नंतर पत्र लिहून एवढेंच कळविलें कीं, दोघांपैकीं कोणाचीही तर्कांत चूक नाहीं. दोघांनाही एक-एक प्रश्न विचार. पहिल्यांना विचार, "येथें जमणार नाहीं कीं कोठेंच जमणार नाहीं?" दुसऱ्या बाईंना विचार, "मध्यरात्रीं अडलें तर किती मिनिटांत शस्त्रक्रिया होईल, आणि ती कोण करील?" उत्तरें ऐक, आणि मग तूंच ठरव. तिनें तसें विचारलें, आणि ठरविलेंही. तिनें काय ठरविलें व पुढें काय झालें, हें मला ठाऊक आहे. पण तें मी येथें लिहीत नाहीं. लिहिलें तर वाचक तिच्या निर्णयाची परीक्षा त्यावरूनच करतील.